आपत्ती जाहीर कोणी करायची?

"कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढं उत्तर पूर्वी लग्नाकार्यात पुरायचं. आता प्रत्येक घरात एक तरी कॉम्प्युटरवाला निघतोच, त्यामुळे पुढचा प्रश्न येतो, "हो, पण म्हणजे नक्की काय करतेस?" तर मंडळी (आणि इथे येऊन गुपचूप वाचून जाणाऱ्या समस्त मावश्या-काकू), बँकांची यंत्रणा बंद पडली तर काय करायचं, याच्या योजना मी लिहिते. ती बंद पडू नये म्हणून झटणारे लोक वेगळे. आम्ही ती पडणारच असं धरून चालतो. घरी अशा बोलण्याला अपशकुनी म्हणतात, हापिसात बिझनेस कंटिन्युइटी म्हणतात.

योजना जाडजूड असते. मुख्य डेटा सेंटर एका शहरात, दुसरं त्याच्यापासून चांगलं दूर. एकाच भूकंपात किंवा पुरात दोन्ही सापडू नयेत म्हणून. या दुसऱ्याला डीआर साइट म्हणायचं. इथे झालेल्या प्रत्येक व्यवहाराची नक्कल तिकडे जात राहते. मग दोन आकडे येतात. आरपीओ, म्हणजे किती मिनिटांचा डेटा गेला तर सोसेल. आणि आरटीओ, म्हणजे किती वेळात कामकाज पुन्हा उभं राहिलं पाहिजे. (आरटीओचं काम करते म्हटल्यावर सासऱ्यांनी लायसन्सच्या नूतनीकरणाचं विचारलं होतं. :))

सगळे लोक या आकड्यांवरून भांडतात. पण आरटीओचं घड्याळ सुरू कधी होतं? बहुतेक योजनांत, आपत्ती 'जाहीर' झाल्यापासून. आणि जाहीर कोणी करायची, हे कुठेतरी आतल्या पानावर एका ओळीत असतं. "संबंधित वरिष्ठांशी सल्लामसलत करून" वगैरे. ही ओळ मी सगळ्यात आधी शोधते.

कारण यंत्रणा पडल्यावर त्या खोलीत काय चालतं ते मी पाहिलंय. कोणी म्हणतो, "दहा मिनिटं द्या, येतंय." त्याचं चुकतं असंही नाही. दोन शहरांत अंतर असलं की नक्कल किंचित मागे राहते, म्हणजे तिकडे उडी मारली की शेवटचे काही व्यवहार हरवू शकतात. चुकून दोन्हीकडे कामकाज चालू राहिलं तर दोन वेगवेगळे हिशोब तयार होतात आणि ते जुळवता जुळवता आठवडा जातो. परत यायचं तर जाण्यापेक्षाही किचकट. तेव्हा दहा मिनिटं थांबणं शहाणपणाचंच वाटतं. मग आणखी दहा. असे चार तास जातात, आणि त्यातला कुठलाही दहा मिनिटांचा निर्णय वेडेपणाचा नसतो!

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. दुसऱ्या दिवशी वायद्यांची मासिक समाप्ती. सकाळी ११.४० च्या सुमारास एनएसईवरचे व्यवहार थांबले. एक्स्चेंजने सांगितलेलं कारण, दोन दूरसंचार कंपन्यांच्या लाइनींमधला बिघाड. बाजार पुन्हा उघडला तो दुपारी ३.४५ ला, आणि ५ पर्यंत चालला. मधल्या वेळात एनएसई उघडणार की नाही हेच कळत नसल्यामुळे अनेक ब्रोकरांनी ग्राहकांचे त्या दिवसापुरते घेतलेले सौदे बीएसईवर घाईघाईने उरकून टाकले, मिळेल त्या भावाला. डीआर साइट होती. तिकडे व्यवहार हलवले गेले नाहीत. का नाही हलवले, हे सेबीने नंतर विचारलं. आत काय चर्चा झाली ते आपण बाहेरच्यांनी बोलू नये. पण ती बातमी वाचताना मला मामा आठवला.

मामा एका सहकारी बँकेत शाखाधिकारी होता. शाखा कुर्ल्याला, तळमजल्यावर, रस्त्यापेक्षा एक पायरी खाली. तेव्हा तिथे प्रत्येक शाखेचा सर्व्हर शाखेतच असायचा. रोज संध्याकाळी टेपवर बॅकअप, आणि ती टेप दुसऱ्या दिवशी शिपायाबरोबर मुख्य कार्यालयात. २६ जुलै २००५ ला दुपारी तीनच्या सुमारास पाणी पायरीला लागलं. मामाने मुख्य कार्यालयाला फोन लावला. ते फोर्टात. पलीकडचे साहेब म्हणाले, "अहो, इथे तर विशेष काही नाही. ओसरेल. पाचपर्यंत बघा."

त्या दिवसाचे पावसाचे आकडे बघा. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला ७३. एकाच शहरात! साहेब खोटं बोलत नव्हते, त्यांच्या खिडकीतून खरंच विशेष काही दिसत नव्हतं. ज्याच्या हातात अधिकार, त्याच्याकडे पाऊस नाही... माझ्या कामातला निम्मा घोळ इथेच आहे.

मग फोनही गेला. मामाने साडेतीनला काउंटर बंद केलं, गिऱ्हाइकांना घरी पाठवलं, आणि दोन क्लार्क व शिपाई यांच्या मदतीने सर्व्हर, टेपा आणि दिवसभराची व्हाउचरं वरच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यात नेऊन ठेवली. एक क्लार्क म्हणत होता, "साहेब, उगाच उचलाउचल होतेय, घोट्याएवढंच पाणी आहे." संध्याकाळी काउंटरवरून पाणी वाहत होतं.

पुढच्या आठवड्यात मामाच्या शाखेला प्रत्येक खातेदाराची शिल्लक सांगता येत होती. त्याच बँकेच्या जवळच्या दुसऱ्या शाखेत लोकांची पासबुकं गोळा करून खाती नव्याने लिहीत बसले होते. आणि मेमो कोणाला आला? मामाला. परवानगीशिवाय कामकाज बंद केल्याबद्दल आणि बँकेची मालमत्ता खासगी जागेत हलवल्याबद्दल खुलासा करावा. दुसऱ्या शाखाधिकाऱ्याला काहीच नाही, त्याच्या अहवालात 'नैसर्गिक आपत्ती' असं लिहिलं की काम झालं.

मामाने एक पानी खुलासा दिला आणि प्रकरण मिटलं. पण मला राहून राहून वाटतं, पाणी पायरीशीच थांबलं असतं तर? तर त्याच्या खुलाशात लिहायला काहीही नव्हतं. लवकर उठणाऱ्याला आपण बरोबर होतो हे सिद्ध करावं लागतं. बसून राहणाऱ्याला काहीच सिद्ध करावं लागत नाही. अशा ठिकाणी शहाणा माणूस बसूनच राहणार. मीही बसेन.

सेबीने मार्च २०२१ मध्ये जो नियम काढला, तो मला म्हणूनच आवडला. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करायची, आणि तिथून ४५ मिनिटांत कामकाज पुन्हा चालू. ४५ च्या आकड्याची जास्त चर्चा झाली, पण खरी गंमत ३० मध्ये आहे. धैर्य दाखवायची गरज उरली नाही. घड्याळाने सांगितलं, मी उठलो. त्यानंतर २ मार्च २०२४ ला, शनिवारी, मुद्दाम बाजार उघडून तासभर डीआर साइटवरून खरेखुरे व्यवहार करून पाहिले गेले. सराव असा हवा. एरवी आमच्याकडचा सराव म्हणजे महिनाभर आधी तारीख ठरवून, सगळ्यांनी अभ्यास करून दिलेली परीक्षा.

घड्याळही नेहमी पुरत नाही म्हणा. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' मर्स्क या जहाज कंपनीत शिरलं तेव्हा कोपनहेगनच्या मुख्यालयात लोक पळत सुटले, चालू बैठकांत घुसून मशिनं बंद करायला लावली. तरी सगळं नेटवर्क तोडायला दोन तासांवर वेळ गेला. आपल्या न्हावाशेव्याचं त्यांचं टर्मिनलही त्यात अडकलं. तिथे अर्ध्या तासाची मुदतसुद्धा चैन होती. पण ज्याला प्रथम दिसेल त्याने ओरडायचं, एवढं तरी त्या धावपळीत आपोआप ठरलं.

असो. सध्या एका बँकेची योजना माझ्याकडे आहे. त्या ओळीच्या जागी मी दोन वाक्यं घातली. पहिलं : ३० मिनिटांत यंत्रणा परत आली नाही, तर पाळीवरच्या प्रमुखाने स्वतःच्या अधिकारात आपत्ती जाहीर करावी, मग रात्रीचे तीन का वाजले असेनात. दुसरं : ती अनावश्यक होती असं मागाहून ठरलं, तरी त्याच्याकडून खुलासा मागवला जाणार नाही. पहिलं वाक्य लगेच मान्य झालं. दुसऱ्यावर बँकेच्या विधी विभागाने पेन्सिलीने रेघ ओढून समासात लिहिलंय, 'चर्चा करावी'.

चर्चा मंगळवारी आहे.