रस्त्याच्या कडेला



एकोणीस वर्षे आळंदीहून पंढरीला पायी गेले, डोक्यावर तुळस घेऊन. यंदा विसावी वारी होती. पण ज्येष्ठात सून बाळंत झाली आणि मला जपानला जावे लागले. मुलगा तिथे शिकोकू बेटावरच्या मात्सुयामा शहरात, विद्यापीठात संशोधन करतो. नातवाचे तोंड पाहून आनंद झाला, खोटे कशाला बोलू? पण मनात विठ्ठलाशी भांडण चालू होते. विसावीच का रे चुकवलीस?

शहर स्वच्छ आणि फार शांत. ट्रॅम भरलेली असली तरी कोणी मोठ्याने बोलत नाही. रस्त्यावर एकही गाडी नसताना माणसे लाल दिव्याला उभी राहतात. भाषा येत नाही, म्हणून दिवसचे दिवस घरच्यांशिवाय कोणाशी शब्द नाही. गळ्यात माळ, आणि तिथल्या साध्या सारातही बहुधा सुक्या माशाचे पाणी, म्हणून बाहेर जेवायची सोय नाही. हरिपाठसुद्धा मी पुटपुटत म्हणायची, शेजाऱ्यांना त्रास नको.

सकाळी बाळाचे कपडे वाळत घालून मी थोडे चालून येई. एकदा इशितेजी नावाच्या मंदिरापाशी थबकले. पांढरा अंगरखा, डोक्यावर गवताची मोठी टोपी, हातात काठी, काठीला किणकिणणारी घंटी. माउली, क्षणभर वाटले, आपलाच कोणी वारकरी आला!

संध्याकाळी मुलाने सांगितले. या बेटावर ८८ मंदिरांची यात्रा आहे, सुमारे १२०० किलोमीटरची. पायी चालणाऱ्याला दीड-दोन महिने लागतात. इशितेजी हे ५१ वे मंदिर. यात्रा कूकाई या सत्पुरुषाच्या नावाने चालते. त्यांचा जन्म ७७४ सालचा, याच बेटावरचा. ८३५ साली कोया डोंगरावर ते समाधीत बसले आणि अजून तिथेच आहेत, अशी भक्तांची श्रद्धा. आळंदीची समाधी संजीवन मानणाऱ्या आपल्याला हे वेगळे समजवायला नको. काठी म्हणजे तेच, सोबत चालणारे. म्हणून मुक्कामी पोचल्यावर यात्रेकरू आधी काठीचे टोक धुतो. टोपीवर लिहिलेले असते, आम्ही दोघे मिळून चाललो आहोत.

आणखी एक रीत त्याने सांगितली. वाटेवरचे लोक यात्रेकरूला फळ, चहा, पैसे देतात, आणि त्याने ते नाकारायचे नसते.

दशमीला झोप लागली नाही. पालखी वाखरीहून निघायचा दिवस! एकादशीसाठी घरून आणलेले राजगिऱ्याचे लाडू पदरात बांधले आणि मंदिराकडे गेले. पाऊस भुरभुरत होता. माझ्याच वयाची एक बाई बाकावर बसून पाय चोळत होती. मी लाडू पुढे केले. तिने दोन्ही हातांनी घेतले. सवयीने मी पायांना हात लावायला वाकले, तर ती दचकून उठली, मग तीही कमरेत खोल वाकली. तिने आपल्या नावाची पांढरी चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. ती त्यांची परतफेड.

ती गेल्यावर मी तिथेच बसून रडले.

माउली, एकोणीस वर्षे वाटेवरच्या गावांची पिठलं-भाकरी मी खाल्ली. कडेला उभी असलेली बाई पाया पडली की 'माउली' म्हणून पुढे निघायची, आणि मनात म्हणायची, बिचारीला वारी घडत नाही. तिच्या घरी कोण आजारी आहे, कोणाचे लेकरू पाळण्यात आहे, तिलाही यायचे होते का, हे एकदाही विचारले नाही. माझ्या वारीला हा अहंकार चिकटला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

तुम्ही पुढच्या वर्षी चालाल, तेव्हा भाकरी वाढणाऱ्या हातांच्या मालकिणीकडे मान वर करून बघा. जमलेच तर नाव विचारा.

विठ्ठलाशी भांडण पुरते मिटले असे म्हणणार नाही. विसावी वारी त्याच्याकडे अजून बाकी आहे. ती चिठ्ठी मात्र मी हरिपाठाच्या पोथीत ठेवली आहे.

रामकृष्णहरी.