डोक्यावरची वाट

कुंडलचा साखर कारखाना, गळीत हंगाम.

तारेच्या दोरात आवळलेली उसाची मोळी क्रेन ट्रॉलीतून उचलते आणि डोक्यावरच्या रुळांवरून गव्हाणीकडे नेते. खाली वाहनांची ही गर्दी, वरची वाट मात्र मोकळी. जमीन अडली की माल वरून न्यावा, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. जवळच किर्लोस्करवाडी. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनालगतच्या माळावर कारखाना उभारला आणि या पंचक्रोशीत लोखंड जाणणारे हात तयार झाले.

छोट्या वर्कशॉपसाठी असा रूळ आखायचा तर मी आधी फिटरचा विचार करतो. तो शिडीवर उभा असतो, एका हातात पाना, मान वर. बीमचा तुकडा दोघांना पेलेल एवढाच हवा. टांगणीच्या सळीला आटे हवेत, म्हणजे नट फिरवून लेव्हल साधते. भोकं लांबट ठेवली की दोन-चार मिलिमीटरचा फरक त्यातच जिरतो. सांध्याला मात्र माफी नाही. तिथे जराशी पायरी राहिली तरी चाक अडखळतं, टांगलेलं कास्टिंग झोके घेतं आणि खालचा माणूस दचकून मागे सरतो. माल चढवताना-उतरवताना हूक कमरेपर्यंत खाली यायला हवा. वाकून किंवा टाचा उंचावून दिवसभर काम होत नाही.

छताची कैची ओझं पेलेल का, हे इंजिनिअरकडून तपासून घ्या. आणि नकाशा पक्का करण्याआधी रूळ बसवणाऱ्या फिटरला तो दाखवा.