मेगरचा काटा

बहुतेक मीटर काम नसताना शून्यावर येऊन बसतात. वायरिंगचं इन्सुलेशन तपासायच्या जुन्या हातमेगरचा काटा तसा बसत नाही. त्याला मागे ओढणारी स्प्रिंगच नसते. हात थांबला की तो असेल तिथे रेंगाळतो. हँडल मिनिटाला सुमारे 160 फेऱ्यांनी फिरलं, आतला क्लच घसरू लागला, 500 व्होल्ट उभे राहिले, की मगच त्याचं म्हणणं खरं धरायचं. वायरिंग धड असेल तर तो आडव्या आठाकडे, अनंताकडे जातो. वायरमन ‘मेगर मारला’ म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. मी मात्र काट्याकडे बघत राहतो. काहीच वाहत नाही, एवढं कळायला केवढी घरघर!

हे न वाहणं एकेकाळी पळसावर पिकत होतं. छोटा नागपूरच्या रानातली लाख शेलॅक होऊन परदेशी कॉइलींवर चढत असे. ती महाग आणि किड्यांच्या मर्जीवर. तिला पर्याय शोधता शोधता 1907 साली न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समध्ये लिओ बेकलंडच्या हाती बेकलाइट लागलं. त्याआधीचं एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक मुरवून केलेलं, काळंभोर, देखणं.

या मंडळींची कसून परीक्षा झाली. वॉशिंग्टनच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये हार्वे कर्टिसने असे कितीतरी पदार्थ तपासले. वीज पदार्थाच्या पोटातून किती झिरपते आणि अंगावरून किती सरकते, हे दोन हिशेब वेगळे. ते वेगळे करायची युक्ती सुंदर आहे: मापणाऱ्या चकतीभोवती थोडी जागा सोडून धातूचं कडं ठेवायचं. पृष्ठभागावरून येणारा प्रवाह कड्यातून परस्पर जातो, मीटरला फक्त पोटातला कळतो.

पोटाने एबोनाइट पक्कं. पण उन्हात ठेवलं की त्यातलं गंधक पृष्ठभागावर आम्ल होतं, आम्ल हवेतली ओल धरतं, आणि प्रतिकार हजारो पटींनी कोसळतो. चकाकी जाते, हिरवट-तपकिरी मळकटपणा येतो. बेकलाइटचं दुखणं निराळं. ते वितळत नाही, पण साच्यातल्या स्वस्त मालात लाकडाची पूड असते आणि ती पाणी पिते. शिवाय धूळ आणि दमट हवा मिळाली की पृष्ठभागावर बारीक ठिणग्या उडतात, तिथलं प्लॅस्टिक जळून कोळसा होतो, आणि कोळशातून वीज खुशाल जाते. जुन्या स्विचचं झाकण काढून स्क्रूजवळ बॅटरी मारा: कधीकधी केसाएवढी, फांद्या फुटलेली काळी रेघ दिसते. जुन्या चाळींतले ते गोल, ‘खट्’ आवाजाचे स्विच मला नव्या पांढऱ्या पट्ट्यांपेक्षा कितीतरी आवडतात. पण ती रेघ दिसली की माया नको. घासून, पुसून तिचा भरवसा येत नाही. मेन बंद करा, वायरमनला बोलवा आणि स्विच बदलून घ्या.