आईंची कादंबरी आणि हेडिंग १



अख्खा चातुर्मास मी इथे काहीच लिहिलं नाही म्हणून दोघी-तिघींनी फोन करून विचारलं. तब्येत बरी आहे. दुपारचे सगळे तास आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, कादंबरी कॉम्प्युटरवर उतरवण्यात गेले.

आईंनी ती ५ फुलस्केप वह्यांमध्ये लिहिली होती. कधी लिहिली, कुणाला पत्ता नाही. आम्ही समजायचो हिशेब लिहितायत. आता त्यांना काचबिंदू आहे, डावा डोळा गेल्यात जमा आणि उजवा जपायचा. वह्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "दिसतंय तोवर छापील बघायची आहे गं मला." ५० प्रती, फक्त घरच्यांसाठी. नावं बदलली आहेत म्हणून ती कादंबरी, एवढंच. घरातलं कुणीही पहिल्या पानावरच सगळ्यांना ओळखेल.

एकूण २७ प्रकरणं. वहीत प्रत्येक प्रकरणाचं नाव लाल शाईने लिहिलेलं आणि खाली दोन रेघा. मी टाईप करताना तेच डोळ्यांपुढे ठेवलं. नाव जाड केलं, आकार २० केला, मधोमध आणलं. नवीन प्रकरण नव्या पानावर हवं म्हणून पुढचं पान येईपर्यंत एंटर दाबत राहिले. अनुक्रमणिकासुद्धा हाताने केली, नाव, मग टिंबं टिंबं, मग पानाचा आकडा. दिसायला इतकं छान दिसत होतं की मी ह्यांना बोलावून दाखवलं.

मग छापणाऱ्यांनी सांगितलं, पुस्तक डेमी आकारात होईल, तुमची फाईल ए-फोरमध्ये आहे. मला वाटलं त्यात काय, पानाचा आकार मीच बदलून देते. बदलला. आणि सगळं विस्कटलं. 'विहीर' हे नाव एका पानाच्या तळाशी आणि विहिरीची गोष्ट दुसऱ्या पानावर. 'पहिला पाऊस' पानाच्या मध्यावर, वर १४ रिकाम्या ओळी. अनुक्रमणिकेतला एकही आकडा खरा राहिला नाही. मी रात्री बसून एंटर काढत आणि घालत होते. २७ व्या प्रकरणापर्यंत पोचले, तर आईंनी ६ व्या प्रकरणात एक परिच्छेद वाढवायला सांगितला. पुन्हा सगळं सरकलं. खरं सांगते, रडू आलं.

पुण्याला नोकरी करणारी पुतणी फोनवर म्हणाली, "काकू, ही ओळ जाड आहे हे तू कॉम्प्युटरला सांगितलंयस. ही ओळ प्रकरणाचं नाव आहे हे कुठे सांगितलंयस?"

मला हे पटायला जरा वेळ लागला. मग स्वयंपाकघरातले डबे आठवले. पोचा पडलेला डबा तुरीचा, झाकण सैल तो मुगाचा, हे मला माहीत. मी चार दिवस माहेरी गेले की घरात कुणालाच काही सापडत नाही. डबा कसा दिसतो हे सगळ्यांना दिसतं, त्यात काय आहे हे लिहिलेलंच नसतं. माझ्या २७ नावांचं तसंच होतं.

तर तिने शिकवलं ते सांगते, कारण मंडळाची स्मरणिका आणि पाककृतींचं पुस्तक आपल्यापैकीच कुणाच्या तरी गळ्यात पडतं. आधी फाईलची एक प्रत बाजूला ठेवा. मग वर्डमध्ये 'होम'च्या पट्टीवर 'स्टाईल्स' नावाची चौकट असते, त्यात 'हेडिंग १' आहे. प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवायचा आणि ते दाबायचं, किंवा कंट्रोल, आल्ट आणि १ एकदम. झालं, कॉम्प्युटरला कळलं की हे नाव आहे. मूळची हेडिंग १ निळ्या रंगाची आणि परक्या वळणाची असते, त्याची काळजी करू नका. तिच्यावर उजवं क्लिक करून 'मॉडिफाय'मध्ये एकदा बदललं की सगळी नावं एकदम बदलतात. तिथेच 'फॉरमॅट', मग 'पॅरेग्राफ', आणि दुसऱ्या पानावर 'पेज ब्रेक बिफोर' अशी खूण करायची जागा आहे. ती खूण केली की प्रत्येक प्रकरण आपणहून नव्या पानावर जातं. माझे शेकडो एंटर त्या एका खुणेत आले.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट, ही पुतणीलाही माहीत नव्हती. मी स्टाईलचा आकार २० केला आणि नावं तेवढीच राहिली. अर्धी दुपार गेली त्यात. वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' समजतो आणि फॉन्टच्या खिडकीत तिच्यासाठी वेगळा भाग असतो. फॉन्ट वेगळा, जाडी वेगळी, आकार वेगळा. वरच्या भागात बदल केले तर ते इंग्रजी अक्षरांना लागतात. खालच्या भागात २० लिहिलं आणि नावं मोठी झाली. कुणीतरी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सांगितलं.

एकेका नावावर जायचाही कंटाळा असेल तर एका नावावर कर्सर ठेवून 'होम'च्या उजव्या टोकाला 'सिलेक्ट'मध्ये जायचं. सारख्या दिसणाऱ्या सगळ्या ओळी एकदम निवडायची सोय तिथे आहे. मी तेच केलं. रिकाम्या ओळी काढायला 'रिप्लेस'मध्ये 'स्पेशल'मधून पॅरेग्राफ मार्क वरच्या चौकटीत दोनदा, खालच्या चौकटीत एकदा, आणि रिकाम्या ओळी संपेपर्यंत 'रिप्लेस ऑल' पुन्हा पुन्हा. रिकाम्या ओळी गेल्या, पण प्रसंग बदलताना आईंनी मुद्दाम सोडलेल्या ओळीही गेल्या! वह्या उघडून ४३ ठिकाणी तीन-तीन फुल्या घालत बसले. तुम्ही आधी फुल्या घाला, मग ओळी काढा.

'व्ह्यू'मध्ये 'नेव्हिगेशन पेन'वर खूण केली की डाव्या बाजूला सगळ्या प्रकरणांच्या नावांची उभी यादी दिसते. नावावर क्लिक केलं की थेट त्या पानावर. संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत जेवणं आटोपली आणि मी आईंना शेजारी बसवून ती यादी वाचून दाखवली. ५ वह्यांमधली कादंबरी त्यांनी अशी एका दमात कधी ऐकलीच नव्हती. विहीर. पहिला पाऊस. गुऱ्हाळ. भाऊंची सायकल. त्या डोळे मिटून, मांडीवर बोटं मोजत ऐकत होत्या.

शेवटचं नाव झालं आणि म्हणाल्या, "२६ झाली. अक्का नाही आली."

मी पुन्हा वाचलं. खरंच 'अक्काचं दप्तर' नव्हतं. मजकूर शोधला तर होता, एक अक्षरही गेलेलं नव्हतं. टाईप करताना त्या दिवशी मी नावाचा आकार २० ऐवजी १८ ठेवला होता, त्यामुळे सारख्या ओळी निवडताना ते नाव बाजूला राहिलं. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी ते १९ वं प्रकरण नव्हतंच, १८ व्या प्रकरणाचा उरलेला भाग होता. आणि १८ वं प्रकरण आहे 'माझं लग्न'.

मी घाईने हेडिंग १ लावली आणि म्हटलं, "आली बघा आई." त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "१९ वं का टाकलंय मी ते, माहीत आहे का तुला?"

अक्का म्हणजे आईंची थोरली बहीण, ९ वर्षांनी मोठी. आईंचा जन्म झाला आणि त्यांची आई शेतावर जायला लागल्यावर तान्ह्या मुलीला सांभाळायला अक्काची शाळा सुटली. तिसरी इयत्ता. तेच दप्तर पुढे आईंना मिळालं आणि त्या मॅट्रिक झाल्या. गोष्टीच्या क्रमाने हे सगळ्यात आधी यायला हवं. पण आईंनी ते लग्नाच्या मागे ठेवलं होतं, वाचणारा तिथवर पोचेपर्यंत दमलेला असेल अशा जागी. हे त्यांचेच शब्द.

"पहिलं कर," म्हणाल्या.

मी यादीतलं नाव माऊसने धरून सगळ्यात वर ओढलं. नावाबरोबर त्याची ९ पानं वर गेली, त्याच्या आधीची प्रकरणं एकेक खाली सरकली. मल्टिलेव्हल लिस्टमध्ये हेडिंग १ ला 'प्रकरण' हा शब्द आणि देवनागरी आकडा जोडून ठेवला होता, त्यामुळे आकडेही आपोआप बदलले. हाताने टिंबं घातलेली अनुक्रमणिका मी आधीच काढून 'रेफरन्सेस'मधली आपोआप होणारी घातली होती. तिच्यावर उजवं क्लिक करून 'अपडेट फील्ड' दाबलं की झालं. आठवड्यापूर्वी या बदलाला माझे दोन दिवस गेले असते, आणि मला भीती वाटते की मी आईंना "राहू द्या ना आता" म्हटलं असतं.

मजकूर मात्र आपोआप जुळत नाही. ४ थ्या प्रकरणात "अक्काचं पुढे सांगेन" असं वाक्य होतं, ते आता चुकीचं ठरलं. अशी वाक्यं शोधत मी सगळं वाचून काढलं, ५ सापडली. आईंनी ती तोंडी बदलून दिली. एक बदलताना बराच वेळ थांबल्या, आणि मी दुधाचं निमित्त काढून आत गेले.

छापायला देण्याआधी अक्कांना ऐकवायचं असं आईंनी ठरवलं. अक्का आता ८५ च्या, इचलकरंजीला मुलाकडे असतात. स्पीकरवर फोन लावला आणि मी पहिलं प्रकरण वाचलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. वाचून झालं. पलीकडे इतका वेळ शांतता की मला वाटलं फोन कट झाला.

मग अक्का म्हणाल्या, "दप्तर खाकी नव्हतं गं. आप्पांच्या जुन्या धोतराचं होतं, आईनं हळदीत रंगवलेलं. पहिल्या पावसातच रंग गेला त्याचा."

आई म्हणाल्या, "मला मिळालं तेव्हा पांढरंच होतं."

"मग खाकी कुठून आणलंस?"

पुढे त्या दोघी पाऊण तास बोलत होत्या, मला त्यातलं निम्मं कळलं नाही. खाकी हा शब्द ३ ठिकाणी होता, तो मी काढला. फाईल मंगळवारी छापायला गेली.