परंड्याची द्राक्षे आणि मारक किण्व

परंड्याकडच्या मळ्यांत फाल्गुनात द्राक्षे तोडणीला येतात तेव्हा दुपारचा पारा ३५ अंशांच्या पुढे गेलेला असतो. आणि अशा उन्हात तापून क्रेटमधून आलेल्या घडांचा रस टाकीत पडतो न पडतो, तोच सालीवरून आलेल्या वन्य किण्वांचा त्यातील साखरेवर अंमल सुरू होतो. आम्हा मद्यकारांना मारक किण्वाचे आकर्षण वाटते ते यामुळेच. १९६३ साली बेव्हन आणि मॅकोवर यांनी दाखवून दिले, की सॅकरोमायसीस किण्वाचे काही वाण एक विष स्रवतात, जे सजातीय दुर्बल वाणांचा घात करते. या विषाचा आराखडा किण्वाच्या गुणसूत्रांत नसून त्याच्या पेशीत पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाड करून राहिलेल्या विषाणूच्या दुपदरी आरएनएत असतो, आणि ज्या प्रथिनातून विष घडते त्यानेच धन्याला अभयही मिळते.

हा गुण पारखण्याची रीत मला या व्यवसायातील सर्वांत देखणी कृती वाटते. मेथिलीन ब्लू मिसळलेल्या, सामू ४.५ च्या आसपास राखलेल्या आगरावर दुर्बल वाणाचा पातळ थर पसरावा, त्यावर संशयित वाणाचा ठिपका द्यावा आणि बशी २० अंशांच्या गारव्यात ठेवावी. दोन-तीन दिवसांत ठिपक्याभोवती स्वच्छ वलय उमटते आणि त्याच्या कडेला मेलेल्या पेशींची गर्द निळी किनार दिसते.

परंतु पाकिटावर ‘मारक’ असा दाखला छापलेला पाहून निर्धास्त होणे मला मान्य नाही. मारक विषाच्या के-१ या प्रकाराचा जोर सामू ४.६ च्या आसपास असतो, आणि द्राक्षरस त्याहून पुष्कळ आंबट. म्हणून या कामी के-२ या प्रकाराचेच वाण घ्यावे लागतात. त्यांचे विषही प्रथिनच, उष्णतेने निकामी होणारे. बेंटोनाइट मातीने रस निवळू गेलो तर तिच्याबरोबर बरेचसे निघून जाणारे. शिवाय सालीवरच्या हान्सेनियास्पोरासारख्या लिंबाकृती किण्वांवर या विषाची मात्रा बहुधा चालत नाही. किल्ला राखायला शिबंदी पुरेशी लागते, तसेच आपल्या वाणाचे संख्याबळ आरंभीच भक्कम असावे लागते. उलट वन्य वाणच मारक आणि आपला दुर्बल निघाला, तर साखर शिल्लक असतानाच आंबवण अडून बसते. म्हणून तोडणी पहाटे करावी, रस त्वरित थंड करावा आणि किण्व सढळ हाताने घालावे, हा माझा आग्रह असतो.

तरीही एक इच्छा मनात घर करून आहे. आपण वापरतो तो ईसी-१११८ हा मारक वाण शँपेनच्या थंड मुलखातला. आमच्या सीना नदीकाठच्या उन्हात वाढलेल्या सालींवर याच कामाचे, पण उष्णता सोसणारे वाण नसतीलच असे का मानावे? प्रत्येक मळ्यातील घड निरनिराळे आंबवून, त्यांतील किण्व निळ्या आगरावर तपासून, जे वलय पाडतील ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवसंग्रहाकडे सुपूर्त करावेत. आणि या कामाची सुरुवात पुढल्या गोडी छाटणीनंतर, घडांत साखर भरू लागताच, माझ्याच शिवारातून करावयाची मी ठरवली आहे.