टाक्यावर नाव कोणाचे?

आजचा धागा खरोखरच सुईदोऱ्याचा आहे.

गेल्या वर्षी आमच्या विभागाने जुन्या घरगुती वस्तूंचे एक छोटे प्रदर्शन मांडले. नोंदी लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. मालवणहून मी आजीने शिवलेली वाकळ नेली होती: वर विटलेले नऊवारी लुगडे, आत आजोबांची धोतरे, आणि साऱ्यांतून जाणारा पांढरा धावदोरा. साहित्य, मापे, अंदाजे काळ लिहिला आणि ‘कर्ता’ या रकान्यात, इतर गोधड्यांप्रमाणेच, सवयीने ‘अज्ञात’ असे लिहून मोकळी झाले. जिच्या कुशीत वाढले, तिलाच!

रोझिका पार्कर यांचे ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’ १९८४ साली आले. चित्र ही कला आणि भरतकाम हे बायकी कौशल्य, ही उतरंड निसर्गाने नव्हे, समाजाने रचली, हे त्यांनी युरोपच्या इतिहासातून दाखवले. आपल्याकडे मात्र गुंता थोडा निराळा आहे. मालवणच्या बाजारातला शिंपी पुरुष, किनाऱ्यावर जाळी सांधणारे बहुधा पुरुष, मुंबईच्या जरीकामाच्या कारखान्यांत अड्ड्यावर बसणारे कारागीरही मुख्यतः पुरुषच. म्हणजे सुई बायकी नव्हतीच. बिनमजुरीची सुई तेवढी बायकी होती.

म्हणूनच मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टचे मला महत्त्व वाटते. तेथे हेच आरीकाम स्त्रियांना शिकवले जाते. जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या रोदँ संग्रहालयाच्या बागेत जूडी शिकागो यांची ‘द फीमेल डिव्हाइन’ ही भव्य मांडणी उभी राहिली. जगावर स्त्रियांचे राज्य असते तर काय झाले असते, असे विचारणारे त्यातील भरजरी ध्वज या शाळेच्या विद्यार्थिनींनी भरले होते. शिकागो यांच्याच ‘द डिनर पार्टी’त (१९७९) इतिहासातील आणि पुराणकथांतील ३९ स्त्रियांसाठी पाने मांडलेली आहेत, तिचे भरतकामही अनेकींच्या हातचे. पॅरिसची मांडणी होती डिओर या फॅशनगृहाच्या सोहळ्यासाठी, हे विसरून चालणार नाही. मी वाचलेल्या बातम्यांत डिओरचे नाव होते, शिकागोंचे होते. टाके घालणाऱ्या मात्र ‘विद्यार्थिनी’ एवढ्याच.

याउलट मृणालिनी मुखर्जी. जन्म मुंबईचा, १९४९चा. तागाच्या दोरखंडांना हातांनी गाठी मारून त्यांनी ‘यक्षी’सारख्या माणसाहून थोर आकृती उभ्या केल्या आणि त्यांना शिल्पच म्हटले. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले.

त्या रात्री आजीला फोन करून विचारले, वाकळीवर नाव का नाही घातलेस? ती हसली. “नाव कित्याक होया गो? घरातल्यांका म्हायत आसा मा.”

प्रदर्शनात घरातले कोणी नव्हते. सकाळी मी तिचे पूर्ण नाव लिहिले, माहेरच्या नावासकट. आणि उरलेल्या सहा गोधड्या ज्यांच्या घरून आल्या होत्या, त्यांना एकेक फोन लावत बसले. संध्याकाळपर्यंत चौघींची नावे मिळाली.