पेडर रोडच्या चढावर

मॅरेथॉन बघायला जाते म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे नुसतं उभं राहायचं?" नुसतं उभं राहून कसं चालेल? धावणारा बेचाळीस किलोमीटर जातो. त्याला तीन-चार ठिकाणी गाठायचं तर बघणाऱ्यालाही लोकल पकडून, गल्ल्या ओलांडून, गर्दीतून वाट काढत अर्धी मुंबई पालथी घालावी लागते. आणि मला विचाराल तर मुंबई बघायला याहून चांगला दिवस नाही. कोणाची तरी वाट बघत उभं राहिलं की शहर आपोआप दिसायला लागतं. एरवी ते आपल्याला उभंच राहू देत नाही.

आमच्या नाशिकच्या ग्रुपातले तिघं यंदा धावणार होते. माझी वर्गमैत्रीण, तिचा नवरा आणि साठी ओलांडलेले आमचे काका. काका बँकेतून निवृत्त झाल्यावर धावायला लागले. गंगापूर रोडवर पहाटे लता मंगेशकरांची गाणी गुणगुणत पळणारा एवढा एकच माणूस असेल.

2004 मध्ये सुरू झालेली ही मुंबई मॅरेथॉन जानेवारीत होते आणि त्या रविवारी शहर सूर्याच्या आधी उठतं. पहाटेच्या लोकलमध्ये सगळे छातीवर नंबर लावलेले, कोणी बुटांच्या नाड्या तिसऱ्यांदा सोडून बांधतोय, कोणी केळं खातोय. तिघांना सीएसएमटीला सोडलं. ते आत गेले आणि मी मान वर करून स्टेशन बघत राहिले. या स्टेशनवर मी आयुष्यभर उतरत आले, पण घुमटावरच्या त्या बाईच्या एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. फ्रेडरिक स्टीव्हन्सचा हा आराखडा. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच. दगडातली पानंफुलं, माकडं, मोर यांत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे.

मरीन ड्राइव्हवर अंधारातच ते दिसले आणि गेले. हाक मारेपर्यंत पाठमोरे झाले होते. मग लोकलने दादर.

वरळीपासून वांद्र्यापर्यंतचा सी लिंक बघणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. साडेपाच किलोमीटरच्या या पुलावर एरवी पायी जायची बंदी, दुचाकीलासुद्धा. त्या सकाळी मात्र तो धावणाऱ्यांचा असतो. तिथून उतरून माहीममार्गे ते सावरकर मार्गावर येतात, म्हणून मी शिवाजी पार्कजवळ थांबले. इथे प्रेक्षकही जाणकार. मैदानावर आयुष्य घालवलेले आजोबा बाकावर बसून एकेकाचं पाऊल कसं पडतंय ते सांगत होते. "हा टाच आपटतोय, पुढे गुडघा धरणार." मैत्रीण आणि तिचा नवरा सोबत आले. ताजे दिसत होते. काका बरेच मागे होते, पण हात वर करून गेले.

खरी मॅरेथॉन पुढे असते. तीसएक किलोमीटर झाले की स्नायूंत साठवलेली साखर संपत येते, ऊन चढतं, दमट हवेत घाम सुकत नाही. आणि नेमका तेव्हाच, हाजी अली मागे पडल्यावर, पेडर रोडचा चढ लागतो. जाताना अंधारात याच रस्त्याने गेलेलं असतं, तेव्हा तो जाणवतही नाही. मुंबईच्या धावपटूंत हा चढ म्हणजे मोठी धास्ती. काकांना गाठायचं तर तिथेच, हे मी आधीपासून ठरवलं होतं.

ग्रँट रोडला उतरून चालत निघाले. वाटेत ऑगस्ट क्रांती मैदान लागलं, तेच गवालिया टँक, 1942 च्या 8 ऑगस्टला 'छोडो भारत'ची हाक उठली ती जागा. तिथे मुलं क्रिकेट खेळत होती. जवळच लॅबर्नम रोडवर मणिभवन, गांधीजी मुंबईत आले की 1917 ते 1934 या काळात तिथे उतरत. क्षणभर थांबले, पुढे निघाले. मनात घड्याळ चालू होतं.

पेडर रोडवर दोन्ही बाजूंना माणसं. इमारतीतल्या बायका स्टीलच्या ताटांत संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या. एका आजींनी तळहातावर मिठाची चिमूट धरली होती. धावणारा जवळ आला की हात पुढे, तो फोड मिठाला टेकवून तोंडात टाकणार, आणि आजी परत डबीतून चिमूट घेणार. घामाने, रसाने त्यांचा हात चिकट झाला होता, त्या पदराला पुसतही नव्हत्या. गुळाच्या चिक्कीचे तुकडे होते, दुखऱ्या पायावर मारायचे स्प्रे होते. छातीवरच्या नंबराखाली नाव छापलेलं असतं, ते वाचून लोक हाका मारत होते. शेजारच्या फ्लॅटवाल्याचं नाव माहीत नसलेल्या या शहरात शेकडो परकी नावं जिवाच्या आकांताने ओरडली जात होती. मीही ओरडले. घसा बसला.

मध्येच इथिओपिया-केनियाचे अव्वल धावपटू आले. बेचाळीस किलोमीटर दोन तास दहा मिनिटांच्या आत संपवणारी ती माणसं, पावलांचा आवाज नाही, चेहऱ्यावर ताण नाही. बघताना अंगावर काटा येतो. पण टाळ्यांचा जोर नंतर आला, लंगडत येणाऱ्यांसाठी.

मैत्रीण आणि तिचा नवरा गेले. काका येईनात. मी प्रभुकुंजसमोर उभी होते. लताबाईंचं घर. काका इथे नजर टाकल्याशिवाय जाणार नाहीत, एवढं पक्कं माहीत होतं.

आले, पण चालत. पोटरीत गोळा आला होता. कॉलेजातल्या एका मुलीने रस्त्यावरच बसकण मारली, त्यांचा पाय मांडीवर घेतला, पंजा मागे दाबून धरला. काका संकोचून म्हणाले, "अगं, बुटाची घाण लागेल." ती म्हणाली, "आजोबा, पाय सैल सोडा." मी संत्रं दिलं आणि म्हटलं, "काका, प्रभुकुंज आलं." त्यांनी वर पाहिलं. 2022 च्या फेब्रुवारीत बाई गेल्या तेव्हा त्यांना इथे यायचं होतं, जमलं नव्हतं. दोन्ही हात जोडले, मला म्हणाले, "आता उतारच आहे ना?" आणि धावायला लागले. उतार केम्प्स कॉर्नरपर्यंत. पुढे चौपाटी आणि उन्हातला लांबलचक मरीन ड्राइव्ह बाकी होता, पण मी "हो" म्हणाले.

दुपारी गिरगावात जेवताना तिघांच्या गळ्यात पदकं होती आणि कोणालाही खुर्चीतून धड उठता येत नव्हतं. मैत्रीण म्हणाली, "अख्खी मुंबई पळाले, पण पुढच्याच्या टाचा सोडून काही बघितलं नाही. काय काय लागलं गं वाटेत?" मी हाजी अलीपासून सुरुवात केली. महालक्ष्मी ते वरळी हा रस्ता मुळात समुद्राची खाडी बुजवायला घातलेला बांध. अठराव्या शतकात गव्हर्नर हॉर्नबीने तो घातला, तेव्हा कुठे मुंबईची बेटं एकमेकांना जोडली जायला लागली. "म्हणजे आपण समुद्रावरून पळालो?" तिचा नवरा म्हणाला. काकांनी भात कालवता कालवता मान वर केली. "ते हॉर्नबीचं नंतर. आधी सांग, प्रभुकुंजमध्ये त्या कितव्या मजल्यावर राहायच्या?"